अडकलेला पायथन प्रोग्राम: पाय-स्पाय की फॉल्टहँडलर?

प्रोसेस जिवंत आहे, सीपीयू शून्याच्या आसपास, लॉगमध्ये नवी ओळ नाही आणि रांगेत कामं साचत चालली आहेत. थ्रेड वापरणाऱ्या पायथन सर्व्हिसवर ही वेळ कधी ना कधी येते. तेव्हा हवं असतं ते एवढंच: या क्षणी प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर थांबलाय? ते सांगणारी दोन भरवशाची साधनं आहेत. पाय-स्पाय बाहेरून प्रोसेसची मेमरी वाचतं. फॉल्टहँडलर हे पायथन ३.३ पासून स्टँडर्ड लायब्ररीत असलेलं मॉड्यूल आतून स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची साखळी) छापतं. मी दोन्ही वापरतो, पण नव्या सर्व्हिसमध्ये आधी फॉल्टहँडलर घालतो. त्याला कारण बहुतांशी एकच आहे.

आधी पाय-स्पायची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. कोडला हात लावावा लागत नाही, रीस्टार्ट लागत नाही. डंप कमांडला प्रोसेस क्रमांक दिला की प्रत्येक थ्रेडचं नाव, तो चालू आहे की थांबलेला आणि जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) कुणाकडे आहे हे स्टॅकच्या वरच दिसतं. लोकल्स पर्याय दिला तर प्रत्येक फ्रेममधल्या (स्टॅकमधल्या एकेका फंक्शनमधल्या) व्हेरिएबलच्या किमतीही येतात, म्हणजे कुठल्या ऑर्डरवर किंवा कुठल्या फाइलवर गाडी अडली ते लगेच कळतं. (त्यात पासवर्ड आणि टोकनही छापले जातात. डंप तसाच तिकिटाला जोडू नका.) थ्रेड एखाद्या सी एक्स्टेंशनच्या आत अडकला असेल तर नेटिव्ह पर्यायाने सी फ्रेम्सही दिसतात. फॉल्टहँडलर तिथे फक्त पायथनची शेवटची ओळ सांगून थांबतो. आणि प्रोग्राम अडकलेला नसून नुसता संथ असेल, थ्रेड जीआयएलसाठी एकमेकांशी झगडत असतील, तर वेळ कुठे जातोय ते दाखवणाऱ्या पाय-स्पायच्या टॉप आणि रेकॉर्ड कमांडना फॉल्टहँडलरकडे तोडच नाही.

मग अडतं कुठे? परवानगीवर. दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचायची तर लिनक्सवर पीट्रेसचा, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसला डीबगरसारखं जोडण्याचा, हक्क लागतो. उबंटूवर हा हक्क ठरवणारी पीट्रेस-स्कोप सेटिंग मुळात १ असते, त्यामुळे साध्या वापरकर्त्याला स्वतःच्याच, पण आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला जोडता येत नाही. सुडो लागतं. मॅकवरही रूट लागतं. सर्व्हरवर सुडो असेल तर हा मुद्दा तिथेच संपतो. कंटेनरमध्ये मात्र सिस-पीट्रेस ही क्षमता साधारणपणे आधीच दिलेली असावी लागते, आणि सुरक्षेचा विचार करणाऱ्या टीमने ती बहुधा दिलेली नसते, जे योग्यच आहे. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये चालू पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाच्या) कंटेनरला ती नंतर देता येत नाही. नवा पॉड उभा करावा लागतो. म्हणजे चार दिवसांतून एकदा अडकणारी प्रोसेस समोर अडकलेली आहे, आणि तिच्याकडे बघायची परवानगी मिळवण्यासाठी तिलाच मारायचं! नव्या पॉडमध्ये सगळं सुरळीत चालतं आणि पुरावा गेलेला असतो. डीबग कंटेनर जोडून किंवा नोडवर रूट मिळवून यातून वाट निघते, पण ते अधिकार ज्याच्याकडे असतात तो माणूस नेमका रात्री दोनला जागा असेल असं नाही. माझ्या अनुभवात पाय-स्पाय उपयोगी पडलं नाही ते जवळजवळ प्रत्येक वेळी या एका कारणाने. साधन म्हणून त्यात खोट नव्हती.

फॉल्टहँडलरला ही परवानगी लागतच नाही, कारण तो प्रोसेसचाच भाग असतो. प्रोग्राम सुरू होताना त्याच्या रजिस्टर फंक्शनला यूएसआर१ सिग्नल द्यायचा आणि सगळे थ्रेड छापण्याचा पर्याय चालू ठेवायचा. मग किल कमांडने तो सिग्नल पाठवला की सर्व थ्रेडचे स्टॅक एरर स्ट्रीमवर येतात, म्हणजे कंटेनरच्या लॉगमध्ये, आणि प्रोसेस पुढे तशीच चालू राहते. पुष्कळ जण याऐवजी सिग्नल मॉड्यूल वापरून स्वतःचा हँडलर लिहितात. तो हँडलर पायथनचा असल्यामुळे फक्त मुख्य थ्रेडमध्ये, दोन बाइटकोडच्या (इंटरप्रिटरच्या सूचनांच्या) मध्ये चालतो. मुख्य थ्रेड सी कोडमध्ये अडकला की तो कधीच चालत नाही. फॉल्टहँडलरचा हँडलर सी पातळीवर चालतो आणि जीआयएलची वाट बघत नाही, म्हणून अशा अडचणीतही उत्तर देतो.

बसवताना काही ठिकाणी चुकतं. पायथन-फॉल्टहँडलर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं की काम झालं असा समज सर्रास आढळतो. त्याने फक्त सेगफॉल्ट, अबॉर्ट यांसारख्या जीवघेण्या सिग्नलचे हँडलर बसतात, यूएसआर१ चा नाही. तेवढंच केलेलं असेल तर शेवटचा उपाय म्हणून अबॉर्ट सिग्नल पाठवता येतो: स्टॅक मिळतात, प्रोसेस मात्र जाते. गनिकॉर्न या पायथन वेब सर्व्हरमध्ये यूएसआर१ लॉग फाइल पुन्हा उघडण्यासाठी राखलेला आहे, तिथे वर्करमध्ये दुसरा सिग्नल निवडा. कंटेनरची सुरुवातीची कमांड शेलमार्फत चालत असेल तर १ क्रमांकाची प्रोसेस शेल असू शकते, आणि डॉकर किलने पाठवलेला सिग्नल पायथनपर्यंत पोचत नाही. कमांड एक्झेक रूपात, म्हणजे मध्ये शेल न येता थेट चालेल अशी, लिहा. डंप फाइलमध्ये घेणार असाल तर ती फाइल शेवटपर्यंत उघडी ठेवा. मॉड्यूल फक्त डिस्क्रिप्टरचा (उघड्या फाइलला सिस्टिमने दिलेला) क्रमांक लक्षात ठेवतं. फाइल बंद झाली आणि तोच क्रमांक एखाद्या सॉकेटला मिळाला, तर डंप त्या सॉकेटमध्ये जाईल. मल्टिप्रोसेसिंगच्या स्पॉन किंवा फोर्कसर्व्हर पद्धतीने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसमध्ये रजिस्टर पुन्हा करावं लागतं.

थ्रेडची नावं ही फॉल्टहँडलरची कमकुवत बाजू. आज वापरात असलेल्या बहुतेक आवृत्त्यांत फक्त हेक्समधला आयडी येतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक थ्रेड सुरू होताना त्याचं नाव आणि थ्रेडिंग मॉड्यूलच्या गेट-आयडेंटने दिलेला क्रमांक हेक्समध्ये लॉग करा. डंपमध्ये तोच क्रमांक असतो.

एका डंपवर निष्कर्ष काढू नका. दहा-दहा सेकंदांनी तीन घ्या. ओळी तिन्हींत त्याच असतील तर थ्रेड थांबलेला आहे, बदलत असतील तर संथ आहे. फॉल्टहँडलरमध्ये ताजी फ्रेम सर्वांत वर असते, नेहमीच्या ट्रेसबॅकच्या उलट. वरची फ्रेम थ्रेडपूलच्या वर्कर फंक्शनमध्येच असेल तर तो थ्रेड रिकामा बसलाय, त्याला सोडून द्या. पूलचे सगळे थ्रेड फ्यूचरच्या (पूलला दिलेल्या कामाच्या पावतीच्या) रिझल्टवर थांबलेले आणि त्याखाली तुमचंच फंक्शन असेल, तर पूलमधलं काम त्याच पूलला नवं काम देऊन त्याची वाट बघतंय. आतल्या कामांना वेगळा पूल द्या. मुख्य थ्रेड क्यूच्या जॉइनवर आणि वर्कर थ्रेड अपेक्षेपेक्षा कमी, म्हणजे कुणीतरी एक्सेप्शनने मेलंय आणि काम झालं हे क्यूला सांगणारं टास्क-डन राहून गेलं. ते फायनलीमध्ये हलवा. चाइल्ड प्रोसेसमध्ये एकच थ्रेड लॉकवर थांबलेला आणि लॉक धरणारा कुणीच नाही, ही थ्रेड चालू असताना फोर्क केल्याची (प्रोसेसची प्रत काढल्याची) खूण. पायथन ३.१२ पासून याचा इशारा मिळतो आणि ३.१४ मध्ये लिनक्सवरची मल्टिप्रोसेसिंगची मुळातली पद्धत फोर्कसर्व्हर झाली आहे. लॉक कुणाकडे आहे हे दोन्ही साधनं थेट सांगत नाहीत. साध्या लॉकला मालकाची नोंदच नसते. ज्याच्या स्टॅकमध्ये त्या लॉकचा विथ ब्लॉक खाली दिसतो आणि वर दुसऱ्याच लॉकची वाट आहे, तो थ्रेड शोधायचा.

जीडीबी हा सी पातळीचा डीबगर इथे फारसा घेत नाही, कारण जुळणारी डीबग सिम्बॉल्स प्रॉडक्शनमध्ये क्वचितच असतात. ३.१४ मधला रिमोट-एक्झेक, म्हणजे चालू प्रोसेसमध्ये बाहेरून स्क्रिप्ट चालवण्याची सोय, आकर्षक आहे, पण त्यालाही पीट्रेसचा हक्क लागतो, आणि दिलेली स्क्रिप्ट मुख्य थ्रेड मोकळा झाल्यावरच चालते. तोच डेडलॉकमध्ये (थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकतात तेव्हा) सापडला असेल तर मोकळा होतच नाही.

विंडोजवर काम असेल तर फॉल्टहँडलरचं रजिस्टर उपलब्धच नाही, तिथे पाय-स्पायच घ्या. मशीन तुमच्या ताब्यात असेल आणि प्रश्न अडकण्यापेक्षा वेगाचा असेल, तरीही पाय-स्पायच बरं, फक्त नवं पायथन आलं की तेही अपडेट करा. टेस्ट अडकत असतील तर दोन्ही वेगळं बसवायला नको. पायटेस्टमध्ये फॉल्टहँडलर आधीच असतो, त्याची फॉल्टहँडलर-टाइमआउट सेटिंग ६० सेकंद ठेवा, पुरतं. पण कंटेनरमध्ये चालणाऱ्या, दुसऱ्यांच्या क्लस्टरवरच्या सर्व्हिससाठी मी फॉल्टहँडलरकडे झुकेन. तो घातलात की आधी स्टेजिंगवर सिग्नल पाठवून डंप लॉगमध्ये येतोय ना ते बघा. रजिस्टर झालेलं नसेल तर यूएसआर१ चा मूळ परिणाम प्रोसेस बंद पडणं हाच आहे, आणि हे प्रॉडक्शनवर कळायला नको.