विनोद कुठे लिहायचा: मतांच्या गर्दीत की ओळखीच्या घोळक्यात?

तुम्हाला विनोद सुचतात आणि ते कुठल्या ऑनलाइन समूहात लिहावेत एवढंच ठरवायचं असेल, तर सदस्यसंख्या आधी बघू नका. विनोद तिथे वर कसा येतो आणि फसला तर त्याचं काय होतं, ते बघा. समूहाची संस्कृती आणि तिथला वाचक या दोन्हींचा थांग त्यातूनच लागतो.

एका बाजूला मतांवर चालणारे मोठे, खुले समूह आहेत. २००५मध्ये सुरू झालेलं रेडिट हे त्यांचं ठळक उदाहरण. रेडिटचा कोड बरीच वर्षं खुला होता, त्यामुळे तेव्हाची क्रमवारी कशी लागायची हे कुणालाही वाचता येत होतं. पहिल्या १० मतांना जेवढं वजन, तेवढंच पुढच्या ९० मतांना. शिवाय साडेबारा तास जुन्या पोस्टला नव्या पोस्टच्या बरोबरीने राहायला दहापट मतं लागत. म्हणजे विनोदाचं नशीब पहिल्या काही वाचकांच्या हाती, आणि तेही झरझर पुढे सरकत असलेल्या वाचकांच्या. अशा ठिकाणी संदर्भाशिवाय कळणारा, एका नजरेत पोचणारा विनोद चालतो. तीन परिच्छेद रचत नेऊन शेवटच्या ओळीत फुटणारा बहुधा बुडतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. तिथवर कुणी पोचतच नाही.

दुसऱ्या बाजूला दाराशीच थोडं अडवणारे समूह. १९९९मध्ये सुरू झालेल्या समथिंग ऑफुल या विनोदी संकेतस्थळाच्या चर्चापीठावर लिहायचं तर एकदाच १० डॉलर भरावे लागत, आणि हकालपट्टी झाली तर परत यायला पुन्हा पैसे. रक्कम छोटी, पण तिच्यामुळे माणूस लिहिण्याआधी वाचू लागतो. जुने धागे (एका विषयाखाली लागोपाठ लिहिलेल्या पोस्ट), जुने संदर्भ, कुणी कधी काय म्हटलं होतं, हे सगळं अशा समूहाच्या लक्षात राहतं. त्यामुळे महिनोन्‌महिने फुलत जाणारा विनोद इथे शक्य होतो. २००९मध्ये तिथल्याच एका धाग्यावर सदस्य भुताखेतांचे बनावट फोटो तयार करत होते. त्यातून स्लेंडर मॅन हे उंच, बिनचेहऱ्याचं भीतिदायक काल्पनिक पात्र जन्मलं, आणि एकाने सुरू केलेली कल्पना इतरांनी वाढवली. धाग्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं की हे रचलेलं आहे. बाहेर पडल्यावर ती जाणीव बरोबर गेली नाही. ओळखीतल्या विनोदाची ताकद आणि धोका, दोन्ही यात दिसतात.

२००३पासूनचं फोरचॅन हे चित्रं आणि मजकूर टाकायचं संकेतस्थळ या दोन्हींपेक्षा वेगळं. लिहिणारे बहुतांशी निनावी आणि धागे काही काळाने पुसले जाणारे. स्वतःच्या नावाने वाचक जमवायचा असेल, तर तो विचार सोडून द्या.

संपादकाने निवडून छापण्याचा मार्गही जुनाच आहे. यूझनेट या वेबच्याही आधीच्या चर्चासमूहांच्या जाळ्यावर रेक.ह्यूमर हा समूह सर्वांना खुला होता, तर १९८७मध्ये ब्रॅड टेम्पलटन यांनी सुरू केलेल्या रेक.ह्यूमर.फनीवर निवडक विनोदच येत. जाळं तेच, पण दुसरीकडे आधी एका माणसाला हसवावं लागे. त्याची आवड तुमच्याशी जुळली तर यासारखं सुख नाही.

आता वाचकांबद्दल. संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६मध्ये मांडलेला ढोबळ ठोकताळा असा, की ऑनलाइन समूहातले ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला १ टक्का बहुतेक मजकूर पुरवतो. म्हणजे धाग्याखाली ‘हहपुवा’ (हसून हसून पुरे वाट) लिहिणारे म्हणजे तुमचा सगळा वाचक नव्हे. म्हणून मी नव्या समूहात गेले की गाजलेल्या पोस्ट बाजूला ठेवते आणि ताज्या यादीतले फसलेले विनोद वाचते. नवख्याचा विनोद फसला तेव्हा कुणी ‘हे आधी होऊन गेलंय, हा बघ धागा’ असं सांगितलं, की सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडले? हसू कुणावर आहे, आणि तो माणूस तिथे उत्तर द्यायला हजर आहे का? ज्या समूहात हसू कायम गैरहजर माणसांवरच असतं, तिथून मी परत फिरते. तुम्हीही फिरावं, असं मला मनापासून वाटतं.

विनोद ओळखण्याची खूणही तपासा. १९८२मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा काहींना खरी सूचना वाटली. मग त्या वर्षीच्या १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस मिळून हसरा चेहरा सुचवला. आजही मोठ्या, अनोळखी गर्दीत अशी खूण अनेकदा लागते, कारण वाचकाला तुमचा आवाज माहीत नसतो. मुरलेल्या छोट्या समूहात तीच खूण वाचकावर अविश्वास दाखवल्यासारखी वाटू शकते.

माझा कौल असा: छोट्या चुटक्यांवर हात बसवायचा असेल आणि अपयश पटकन विसरलं जायला हवं असेल, तर मतांचा मोठा समूह घ्या. लांब लिहायचं असेल, पात्रं उभी करायची असतील, तर छोटा समूह घ्या आणि पहिला महिना वाचनमात्र राहा. पहिली पोस्ट म्हणून नवा धागा सुरू करू नका. दुसऱ्याच्या चालू विनोदात एक चपखल ओळ घाला, आणि ती पुढे कोण उचलतं ते बघा.