'पूना 1857' लिहिलेली चिठ्ठी आणि जोडतोड केलेली शिवणपेटी

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहते, जुन्या शिवणकामाच्या वस्तू जमवते. इथल्या अँटिक फेअरला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण असा माल अजून विकला जातोय आणि गिऱ्हाईक आपल्याकडचं दिसलं की गोष्टही आपल्याकडचीच ऐकवतात.

डीलरने दाखवली ती हातात मावेल एवढी, प्रवासात न्यायची शिवणपेटी. वर चामडं, आत जांभळी मखमल, खाचांमध्ये कात्री, अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी), सुया ठेवायची नळी, नाडी ओवायची बोथट सुई. म्हणाला 1850 च्या सुमाराची आहे, पुण्याच्या कॅम्पातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बायकोची, एकही वस्तू बदललेली नाही. झाकणाच्या आत शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली, 'पूना 1857'. माझं माहेर पुण्याचं हे त्याला बोलण्यातून कळलं होतं. सगळं ओरिजिनल आहे ना असं परत परत विचारलं तर त्याने बिलावर तसं लिहूनच दिलं. 340 पाउंड, क्रेडिट कार्डवर.

घरी पेटी कुठे बनली ते शोधायला बसले. कात्रीच्या पात्यावर आतल्या बाजूने एक चकचकीत पट्टा होता, बाकी पातं काळपट. भिंग घेऊन तिरप्या उजेडात धरलं तर अर्धवट घासलेलं नाव दिसलं, 'जर्मनी'. आता बघा, बाहेरच्या मालावर असं देशाचं नाव घालायची पद्धत ब्रिटनमध्ये 1887 च्या मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट या कायद्यानंतर पडली, मग 1857 च्या कात्रीवर इंग्रजीत जर्मनी कशाला असेल? आणि हे वापरून झिजलेलं नाही, तेवढीच जागा कोणीतरी घासलीय. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

अंगुस्तान अस्सल चांदीचं म्हणून दिलेलं, त्याला चुंबक चिकटला. चांदीला चिकटत नाही. नीट बघितलं तर त्यावर 'डॉर्कस' असा शिक्का, म्हणजे इथल्याच हॅलिफॅक्स गावच्या चार्ल्स हॉर्नर या जवाहिऱ्याचं. नुसत्या चांदीला सुईने भोकं पडायची म्हणून त्याने चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद घातलं आणि त्याचं पेटंट 1884 चं आहे. वस्तू फार छान, मी स्वतः वापरते, पण 1857 मध्ये ती कोणाच्याच बोटात नव्हती.

सुयांची नळी खरंच चांदीची निघाली, तिच्यावर हॉलमार्कचे शिक्के होते: जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली, चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. पण राजा-राणीच्या डोक्याचा कराचा शिक्का नाही, तो 1784 ते 1890 मारायचे. बारीकसारीक वस्तूंना सूट असायची म्हणून तेवढ्यावरून ठरवू नका, हॉलमार्कमध्ये साल सांगणारं एक अक्षर असतं, ते त्या शहराच्या तक्त्यात बघा, प्रत्येक शहराचा तक्ता वेगळा असतो. माझ्या नळीचं अक्षर 1900 नंतरचं आलं.

मखमल मात्र नक्की बघा, तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. उजेडाने सगळी मखमल विटते पण वस्तूखालची तशीच गडद राहते. माझ्या पेटीत कात्रीखालचा गडद आकार जास्त लांब आणि बारीक होता, म्हणजे वर्षानुवर्षं तिथे दुसरीच कात्री होती. वस्तू बाहेर काढून बघू देत नसतील तर घेऊच नका.

शेवटी ती चिठ्ठी. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च स्वस्तात मिळतो, तो मारला तर कागद निळा झगझगला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती केमिकल्स विसाव्या शतकातली, 1857 च्या कागदात ती नसतातच. चिठ्ठीची एक कड सुटलेली होती, तिथून खालचं रेशीम खरवडलेलं दिसलं. बनवणाऱ्याचं किंवा दुकानाचं नाव झाकणात सोनेरी अक्षरात छापायचे ते बरोब्बर इथेच. पेटी जुनी असेलही, पण ती कुठली हे सांगणारी एकुलती एक खूण खोटं पुणे चिकटवायला घालवली.

डीलरला फोटो पाठवले तर म्हणे आम्हाला अशीच मिळाली, रिफंड नाही. मग कार्ड कंपनीकडे क्लेम केला. इथे 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टमध्ये कलम 75 आहे, 100 पाउंडच्या वर आणि 30,000 पर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डवर घेतली आणि विकणाऱ्याने खोटं सांगितलं तर कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. डेबिट कार्डला किंवा कॅशला हे लागू नाही. बिलावर 'साधारण 1850, सर्व वस्तू मूळ' असं त्याच्याच अक्षरात होतं, कात्रीचे आणि चिठ्ठीचे फोटो जोडले, आणि पैसे परत मिळाले. नुसतं 'जुनी शिवणपेटी' एवढंच बिल असतं तर भांडायला हातात काहीच नव्हतं, तेव्हा साल आणि 'मूळ' हा शब्द बिलावर लिहून घ्याच.