पावसापासून काजूपर्यंत: गोव्यात ई-रीडर वापरल्याचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. एकट्याने वाचायला हे यंत्र उत्तम आहे. चारचौघांत बसून पुस्तकांवर बोलायची, पुस्तकं द्यायची-घ्यायची सवय असेल तर मात्र ते तुमची पंचाईत करतं. पावसाच्या तोंडावर घेतलं, आता बाजारात काजू आलेत. म्हणजे पुरेसं वापरून झालंय.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या जातीच्या कुठल्याही रीडरला थोड्याफार फरकाने लागू आहे. सात इंची काळा-पांढरा पडदा, इंचाला ३०० ठिपके, पांढरा-पिवळसर करता येणारा प्रकाश, पाणी लागलं तरी चालेल अशी बांधणी, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. किंमत १५ हजारांच्या घरात. यात फोन येत नाही, रील दिसत नाहीत. माझ्या दृष्टीने निम्मे पैसे तिथेच वसूल.

घेण्याचं खरं कारण बुरशी. आमचं घर फोंड्याजवळ, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांना जो वास सुटतो तो गोव्यातल्या कुठल्याही वाचकाला सांगायला नको. डांबरगोळ्या झाल्या, कडुलिंबाचा पाला झाला, कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवण्याचा जुना उपाय झाला. तरी चवथीच्या साफसफाईला कपाट उघडलं की कुठल्यातरी पुठ्ठ्यावर पांढरी लव असतेच, आणि शिवण उसवलेल्या पुस्तकात कसर. गेल्या पावसात वाचलेलं बहुतेक रीडरवर वाचलं आणि त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. दमट हवेत पडदा धूसर होत नाही. चार्जिंगच्या भोकात मात्र ओल राहते, तेव्हा पावसातून आल्यावर लगेच वायर लावू नका, तास-दोन तास कोरडं होऊ द्या.

वीज जाण्याचा प्रश्नही सुटला. या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण. पान उलटताना कण वर-खाली होतात तेवढ्यापुरती वीज लागते. पान नुसतं समोर असताना काहीच लागत नाही. बॅटरी खातो तो प्रकाश आणि वायफाय. वायफाय बंद ठेवलं, प्रकाश निम्म्याखाली ठेवला, तर रोज दीड-दोन तास वाचूनही आठवडेच्या आठवडे निघतात. आषाढात संध्याकाळी दिवे गेले की घरातले सगळे फोनची टक्केवारी मोजत बसतात, तेव्हा मी निवांत. उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं, मिरामारच्या वाळूत दुपारी बाराला वाचून पाहिलंय. (दुपारी बाराला मिरामारला कोण जातं, हे विचारू नका.)

आता देवनागरीचं. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या परीक्षणांत हे कधीच नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जोडाक्षरं नीट जुळतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘र’ बहुतेक पुस्तकांत बरोबर येतो, काहींत मात्र त्याचा रफार होऊन ‘दुसर्या’ असा मोडून येतो. यंत्रातल्या मूळ फॉन्टात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. पहिले काही दिवस डोळ्यांना टोचतं, मग सवय होते. स्वतःचा फॉन्ट टाकायची सोय आहे. मराठी वळणाचा टाकला की पान एकदम घरचं वाटायला लागतं. शब्दावर बोट दाबून धरलं की इंग्रजीला अर्थ येतो, मराठीला काही नाही. जुन्या कादंबऱ्यांतले शेतीचे, दागिन्यांचे शब्द अडले की उठून कोश काढायचा. स्कॅन केलेल्या पीडीएफ सात इंचांवर वाचायच्या भानगडीत पडू नका. पान मोठं करा, सरकवा, पुन्हा सरकवा, तोवर आधीच्या ओळीत काय होतं ते विसरायला होतं.

मराठी पुस्तकं मिळतात का? मिळतात, पण पाहिजे ती मिळतीलच असं नाही. जुनी पुस्तकं अनेक वर्षं युनिकोड नसलेल्या फॉन्टांत जुळवली गेली. ती ई-बुकात आणायची तर मजकूर बदलून घ्यावा लागतो, त्यात वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरं फुटतात, मग सगळं पुन्हा मुद्रितशोधन. एवढा खर्च करून किती प्रती खपणार, हा प्रकाशकाचा हिशेब मला कळतो. पण वाचक म्हणून हात रिकामेच राहतात. उलट फार जुनं वाचायचं असेल तर चैन आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांना खुलं होतं, त्यामुळे मराठी विकिस्रोतावर वगैरे अशी बरीच पुस्तकं फुकट सापडतात.

इथवरचं कुठल्याही रीडरबद्दल कुणीही सांगेल. माझ्यासाठी खरी परीक्षा वेगळी होती.

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. एक निवृत्त मराठीच्या बाई, वेर्ण्याला कारखान्यात नोकरी करणारा एक मुलगा, आमच्या शेजारच्या मामी, दोघी बँकवाल्या, मी, आणि कधी येणारे कधी न येणारे आणखी दोघे. नियम असा काही नाही. प्रत्येकाने दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: हातात काय, आणि वाटेवर काय? म्हणजे सध्या काय वाचताय, आणि कुठल्या येणाऱ्या कादंबरीवर डोळा आहे. श्रावणात पातोळ्या असतात, एरवी चहा आणि भजी. मराठी चालतं, कोंकणी चालते. मावजो आणि केळेकर कोंकणीतच वाचायचे, असा बाईंचा हट्ट आहे आणि तो सगळ्यांनी मान्य केलाय.

‘हातात काय’ या प्रश्नाला रीडरने माझी पहिली अडचण केली. पूर्वी पुस्तक मध्ये सतरंजीवर पडायचं. कुणी उचलायचं, मलपृष्ठ वाचायचं, कुठलं तरी मधलंच पान उघडायचं, अर्धा परिच्छेद मोठ्याने वाचायचं आणि तिथून वाद सुरू. मी रीडर ठेवला की तो रीडरच राहतो. मामींनी पहिल्यांदा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, पुस्तक केवढं जाड आहे? मी म्हटलं, चोवीस टक्के झालंय. त्यावर कुणाला काही बोलताच येईना.

बसमध्येही तेच. फोंडा–पणजी रोजचा प्रवास. म्हार्दोळ, भोम, बाणस्तारी, मग जुनं गोवं. या वाटेवर कागदी पुस्तक हातात असलं की महिन्यातून एकदा तरी शेजारची बाई वाकून नाव वाचायची आणि ‘ही चांगली आहे का हो?’ असं विचारायची. दोन ओळखी माझ्या अशाच झाल्यात, त्यातली एक आता आमच्या रविवारी येते. रीडर घेतल्यापासून कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही. सेटिंगमध्ये एक सोय आहे, पडदा बंद असताना चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसत राहतं. ती लगेच चालू करा. काळं-पांढरं दिसतं, पण सतरंजीवर ठेवल्यावर निदान नाव तरी वाचता येतं.

अधोरेखनं मात्र या यंत्राची फार मोठी जमेची बाजू. कागदावर पेन्सिल लावायला माझा हात धजत नाही, इथे बिनधास्त. सगळी अधोरेखनं एका यादीत जमतात, त्यामुळे रविवारी ‘ते वाक्य कुठे होतं बरं’ म्हणून पानं चाळावी लागत नाहीत. वेर्ण्याचा मुलगा फोनवर वाचतो, तोही हेच करतो. बाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, शोधताना जे दुसरंच काहीतरी सापडतं ते तुम्हा दोघांना आता कधीच सापडणार नाही. मला यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

दुसरा प्रश्न, वाटेवर काय. इथे मराठी वाचकाची आणि यंत्राची चाल जुळत नाही. इंग्रजी कादंबरीची तारीख महिनोन्‌महिने आधी जाहीर असते. आगाऊ नोंदणी करून ठेवली की त्या दिवशी ती आपोआप यंत्रात येऊन पडते. मराठीत आपण वाट कशी पाहतो? दिवाळी अंकात ‘आगामी कादंबरीतील अंश’ छापून येतो, तो वाचून जीव टांगणीला लागतो. दिवाळी अंकांची ही परंपरा १९०९ साली ‘मनोरंजन’पासूनची, आणि माझ्या मते कादंबरीची उत्सुकता वाढवायला अजून तिच्याइतकं चांगलं काही निघालेलं नाही. मग कुणीतरी सांगतं की हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलंय. मग प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात. मग मुखपृष्ठ. मग सगळं शांत. मग एक दिवस पुण्यात प्रकाशन होऊनही गेलेलं असतं आणि गोव्यात प्रत दिसायला आणखी काही आठवडे.

ई-आवृत्ती आली तर हे शेवटचे आठवडे वाचतील, ही माझी भाबडी अपेक्षा. प्रत्यक्षात ई-आवृत्ती छापील पुस्तकाच्या मागून येते, पुष्कळदा येतच नाही. गेल्या दिवाळीत ज्या कादंबरीचं एक प्रकरण आम्ही सगळ्यांनी वाचलं, आणि त्यातल्या खाणीवरच्या ट्रकमालकाच्या बायकोबद्दल दोन रविवार भांडलो, ती छापील येऊन गेली. बँकवालीने सवलतीत नोंदवलेली प्रत आता चौथ्या हातात आहे. रीडरच्या दुकानात तिचं नावही नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली याच माझ्या बसच्या वाटेवर, जुन्या गोव्यात आला. तिथून जाताना नव्या पुस्तकाची वाट पाहत बसायचं, याचं कधी हसू येतं, कधी राग.

एका अनुवादित कादंबरीची मात्र तारखेसकट घोषणा झाली आणि मी उत्साहाने आगाऊ नोंदणी केली. मग मामींचं प्रकरण घडलं.

ई-बुक विकत घेतलं तरी ते उसनं देता येत नाही. तुम्ही पैसे मोजता ते वाचण्याच्या परवान्याचे. एका कुटुंबातल्या खात्यांत काही यंत्रांवर वाटून घेण्याच्या सोयी असतात, पण शेजारच्या मामी कुटुंबात बसत नाहीत. तेव्हा मामींनी सरळ मार्ग काढला. ‘एक आठवडा दे, सगळंच घेऊन जाते.’ दिला. मामींनी अक्षर एवढं मोठं केलं की पानावर सहा-सात ओळी मावत होत्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर छापील कादंबरी त्यांनी जवळजवळ सोडलीच होती. आठवडाभरात दोन संपवल्या. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या यंत्राचे बाकी सगळे दोष माफ करायला तयार आहे.

पण त्यांच्या भाच्याने यंत्राला घरचं वायफाय जोडून दिलं होतं आणि त्याच आठवड्यात माझी नोंदवलेली कादंबरी त्यात उतरली. मामींनी ती वाचून काढली. रविवारी ‘वाटेवर काय’ला मी तिचं नाव घेतलं तर मामी म्हणतात, ती ना, मधे जरा रेंगाळते पण शेवट बरा आहे. शिवाय माझी जुनी अधोरेखनंही त्यांनी वाचली होती. ‘रडक्या वाक्यांखालीच रेघा ओढतेस’ हे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. यंत्र परत आलं तेव्हा माझ्या प्रत्येक पुस्तकातली खूण भलत्याच पानावर गेलेली. दुसऱ्याला देणार असाल तर वायफाय बंद करा आणि आपण कुठे आहोत ते कागदावर लिहून ठेवा.

तेव्हापासून एक विभागणी आपोआप झालीय. ज्यावर रविवारी भांडण होणार याची खात्री आहे ती मराठी कादंबरी कागदावर घेते, बुरशी लागली तर लागली. इंग्रजी, जाडजूड, एकदाच वाचायची, प्रवासातली पुस्तकं रीडरवर. आणि जे कशातच मिळत नाही त्यासाठी पणजीत पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय आहेच. १८३२ साली सुरू झालेलं, सोळाव्या शतकातल्या केळोशीच्या कृष्णदास शामा या लेखकाचं नाव लावणारं हे ग्रंथालय माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर असताना मी १५ हजारांचं यंत्र घेतलं, हे बाई अधूनमधून ऐकवतात.

घ्यायचाच असेल तर सहा इंची घेऊ नका, देवनागरीला जागा जास्त लागते. झाकणाचं कव्हर घ्या, पण रेक्झिनचं नको, पावसात त्याचीच पापुद्री निघते. सोळा जीबी पुरून उरतात. रंगीत पडद्याच्या मोहात कादंबरीवाल्यांनी पडायचं कारण नाही.

मामींच्या वाढदिवसाला आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना स्वतंत्र रीडर घ्यायचं ठरवलं होतं. अंदाज घ्यावा म्हणून मी सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, “म्हाका कित्याक गो? तुजो आसा न्हय!”