उभी गाडीच जास्त खाते : मोटरहोमचे चौदा महिने

गाडी घेतली त्या डिसेंबरात वहीत एक ओळ लिहिली होती : वर्षाची देखभाल साठ हजार, डिझेल-टोल वेगळे. चौदा महिन्यांत डिझेल-टोल सोडून गेले १,६१,०००. वही जपून ठेवलीय, कारण चूक कुठे झाली ते त्या एका ओळीतच दिसतं. मी कारसारखा, किलोमीटरवर हिशेब धरला होता. मुंबईत मोटरहोम फिरते थोडी, उभीच राहते जास्त.

गाडी म्हणजे जुनी मिनीबस. आत दोन बिछाने, ओटा, १२ व्होल्टचा फ्रिज, वर एक सोलर पॅनल. आम्ही बोरिवलीला राहतो. गाडीची उंची साडेनऊ फूट, त्यामुळे सोसायटीच्या स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, शिरतच नाही. मोकळ्या जागेत लावायला कमिटीने नकार दिला (चेअरमनच्या जागी असतो तर मीही दिला असता). शेवटी दहिसर चेकनाक्यापलीकडच्या एका प्लॉटवर महिना ४,५०० ने जागा मिळाली. म्हणजे एकूण खर्चातले ६३,००० नुसत्या जागेचे. गाडी घेण्याआधी ही जागा शोधा, रंग आणि पडदे नंतर.

खरा धडा जुलैत मिळाला. आठ दिवस झोडपून पाऊस झाला आणि रविवारी दार उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. बिछान्याच्या डोक्याशी प्लाय फुगलेला. हिने अंगठा दाबला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. मी खिडकीवर संशय घेतला. पाणी मात्र येत होतं तिथून चार फूट मागच्या छताच्या झरोक्यातून. पत्र्याखालून वाहत येऊन ते बिछान्यापाशी बाहेर पडत होतं. मे महिन्याच्या उन्हात पत्रा तापतो, फुगतो, रात्री आकसतो. सांधे बुजवणारं सीलंट जुनं असलं की त्याला केसाएवढी चीर पडते. उन्हाळाभर ती कुणाला दिसत नाही. गाडी आतून बांधणाऱ्या फॅब्रिकेटरने साधा, आयएस ३०३ (भारतीय मानक) चा प्लाय लावला होता. पाण्यात टिकणारा, आयएस ७१० चा मरीन प्लाय असता तर एवढी वाट लागली नसती. भिंत उघडणं, वाळवणं, नवा प्लाय आणि सीलंट मिळून २१,५०० गेले. एप्रिलात छतावर चढून सगळे सांधे तपासले असते तर तीन-चार हजारांत भागलं असतं.

बॅटरी मी स्वतः मारली. इन्व्हर्टरचं बटण चालू राहिलं. काही न चालवता तो एक अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास. माझी ट्युब्युलर बॅटरी १५० ची. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, आणि हा निम्मा तीन दिवसांत संपतो. सोलर होतं, पण वर ताडपत्री घातलेली! मी गेलो तीन आठवड्यांनी. १६,००० ची बॅटरी गेली. आता मधे सहाशे रुपयांचा कटऑफ स्विच आहे.

उंदरांनी वायरिंग कुरतडलं त्याचे ६,५००. गॅरेजवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, पंधरा दिवसांतून एकदा तरी फिरवा, नाहीतर ते भाडं मागतील." तेव्हापासून एक रविवार आड वसईपर्यंत चक्कर मारतो. टायरलाही ते बरं. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, मी पाच वर्षांवर चालवणार नाही.

विम्याचं नूतनीकरण २४,००० ला पडलं. त्यात आतल्या सामानाची किंमत वेगळी लिहून घ्या, आणि मिनीबसचं मोटरहोम केल्याचा बदल आरसीवर नोंदवलेला आहे ना ते पाहा. नसेल तर दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. फास्टॅगचा वार्षिक पास खासगी कार-जीप-व्हॅनला आहे. माझी गाडी मिनीबसच्या वर्गात मोडते, तेव्हा तो विषय संपला. सर्व्हिसिंगचे २२,००० मला अपेक्षितच होते. उरलेले आठेक हजार गॅसची नळी, ताडपत्री, ओल शोषणारे डबे असल्या किरकोळीत गेले.

आता हिशेब असा मांडतो. जी वस्तू काही वर्षांनी बदलावी लागणार, तिची किंमत तितक्या वर्षांनी भागून दरवर्षीचा वाटा बाजूला काढतो. स्टेपनी धरून सात टायरचे साठेक हजार, पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला बारा हजार. बॅटरीचे चार. त्यात पार्किंग ५४, विमा २४, सर्व्हिसिंग १८, सीलंटचं काम ६ आणि आतल्या दुरुस्तीला १५. बेरीज १,३३,०००. महिना अकरा हजारांची आरडी लावलीय, ती फोडायची नाही असं ठरलंय.

गेल्या बारा महिन्यांत आम्ही गाडीत झोपलो २६ रात्री. भागाकार केला तर रात्रीला पाच हजारांच्या वर जातात, डिझेल न धरता. हिला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्यात गणपतीपुळ्याला एमटीडीसीत राहून मासेही खाल्ले असते." खरंय. पण गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंडला पहाटे पाचला गाडीचं मागचं दार उघडून आम्ही चहा प्यायलो, तेव्हा तीच म्हणाली होती की आज निघायला नको. ती रात्र कुठल्या रकान्यात लिहायची, ते वहीत अजून ठरलेलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी छतावर चढायचंय. सीलंटच्या दोन नळ्या आणून ठेवल्यात; शिडी प्लॉटवरच्या वॉचमनकडून घेणार.