वाऱ्यासाठी पहिली डिस्क घ्यायची तर डिस्क्राफ्टची झोन

डिस्क गोल्फ, म्हणजे चकती फेकत टोपलीपर्यंत न्यायचा खेळ, नव्याने खेळायला लागलेलं कुणी विचारतं, "वारा सुटला की डिस्क हातातच राहत नाही, कोणती घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: डिस्क्राफ्ट कंपनीची झोन, आणि तीही १७० ग्रॅमच्या वरची.

बहुतेक जण अशा वेळी वेग १२-१३ची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, उचलतात. वाऱ्याला जोरानेच उत्तर द्यायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या डिस्कला छापील आकड्यांप्रमाणे (वेग, ग्लाइड, टर्न, फेड) उडायला जो वेग लागतो, तो नवख्या हातातून निघत नाही. झोनचा वेग फक्त ४ आहे. ती मुळात जवळच्या फेकीची डिस्क, त्यामुळे आरामात टाकली तरी तिच्या स्वभावाप्रमाणेच उडते.

समोरून वारा आला की डिस्कवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो. जणू आपण तीच डिस्क जास्त जोरात फेकली. मग उजव्या हाताच्या बॅकहँडला (हात छातीसमोरून आणून केलेल्या फेकीला) ती उजवीकडे कलते, आणि मुळात अंडरस्टेबल, म्हणजे सहज उजवीकडे कलणारी, असेल तर उलटून पडते. इनोव्हा कंपनीची लेपर्ड शांत हवेत नवख्यांसाठी फार गोड डिस्क आहे, पण तिचा टर्न, म्हणजे सुरुवातीला उजवीकडे कलण्याचा आकडा, उणे २ (जितका उणे, तितका कल जास्त). समोरच्या वाऱ्यात तिला बॅगेतच राहू द्यावं. झोनचा टर्न ० आणि फेड, म्हणजे शेवटी डावीकडे वळण्याचा आकडा, ३. वारा तिला उजवीकडे ढकलतो, तिचा स्वतःचा ओढा डावीकडे, त्यामुळे ती बरीच सरळ जाते आणि शेवटी ठामपणे डावीकडे उतरते. ग्लाइडही, म्हणजे हवेत तरंगण्याचा आकडा, ३च असल्याने ती हवेत रेंगाळत नाही. मला तर तिचा हाच गुण सगळ्यात आवडतो, कारण डिस्क जितका वेळ हवेत, तितका वेळ ती वाऱ्याच्या ताब्यात.

पाठीमागून वारा असेल तर मात्र हिला हात लावू नका. हवेचा वेग घटतो, उचल कमी मिळते आणि झोन लवकर खाली येते. तिथे लेपर्ड काढा. आडव्या वाऱ्यात डिस्कचा कल बघायचा. डावी कड खाली ठेवून टाकली आणि वारा उजवीकडून आला, तर तो पोटाखाली शिरून तिला डावीकडे लांब नेतो. डावीकडून आला तर वरून दाबतो. झोनसुद्धा यातून सुटत नाही. म्हणून फेक कमी उंचीवर ठेवा, पुढची कड वर उचलू देऊ नका.

प्लास्टिक झेड किंवा ईएसपी, म्हणजे डिस्क्राफ्टचं टिकाऊ प्लास्टिक, घ्या. साधं स्वस्त प्लास्टिक झाडांना, दगडांना आपटून लवकर झिजतं, आणि झिजलेली डिस्क हळूहळू उजवीकडे कलायला लागते. वाऱ्यासाठी घेतलेल्या डिस्कचं मग कामच संपतं. १५० ग्रॅमची हलकी झोन मिळाली तरी या कामासाठी नको. हलकी डिस्क वारा सहज उचलतो.

इनोव्हाची गेटरही चांगली: वेग ५, ग्लाइड २, टर्न ०, फेड ३. तिच्या कडेखाली मणी (बारीक उंचवटा) असतो. काहींना ती पकड आवडते. माझ्या बोटांना झोनची पातळ, सपाट कड जास्त बरी वाटते, विशेषतः फोरहँडला (हात बाजूने आणून फेकताना). दुकानात दोन्ही हातात धरून बघा. लांबी मात्र दोघींकडूनही मागू नका. लांब होलवर समोरचा वारा असेल तर एक फेक जास्त लागेल, पण डिस्क झुडपात शोधावी लागणार नाही.