सिल्व्हर स्टील रॉड, ६ मिमी: घड्याळाचे कटर घरी बनवण्यासाठी

हा रॉड (सिल्व्हर स्टील म्हणजे तापवून कडक करता येणारं हाय-कार्बन स्टील, चांदी नसते यात) मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून घेतला, पैसे वसूल. सेंटरलेस ग्राइंड केलेला (म्हणजे गोलाई आणि व्यास अचूक) येतो म्हणून डायरेक्ट कोलेटमध्ये (मशीनच्या गोल पकडीत) बसतो, हा मोठा फायदा. मी यातून चाकाचे दात कापायला एका दाताचा फ्लाय कटर बनवतो, म्हणजे टोक अर्ध्या जाडीपर्यंत घासायचं आणि मग फाइलने सायक्लॉइडल शेप (घड्याळाच्या दातांचा वक्र आकार) द्यायचा, कारण बाजारात सहज मिळणारे गिअर कटर इन्व्होल्यूटचे (मशिनरीच्या गिअरच्या दातांचा आकार) असतात, ते घड्याळाच्या चाकाला चालत नाहीत, आणि सायक्लॉइडलचे इम्पोर्टेड घ्यायचे तर खिसा रिकामा!

हार्डनिंग (कडक करणं) घरच्या गॅस टॉर्चवर होतं. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून जरासं तापवून लगेच पाण्यात. तसाच वापरू नका हां, काचेसारखा ठिसूळ असतो; पॉलिश करून गवती पिवळा रंग येईपर्यंत हळू तापवा. पितळेत धार मस्त टिकते, ०.८ मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) ६० दातांचं चाक (पिच डायमीटर, म्हणजे दातांच्या साधारण मधल्या वर्तुळाचा व्यास, ४८ मिमी) एकदम स्वच्छ निघालं. स्पीड मात्र भरपूर ठेवा, फीड हलका.

स्टीलच्या पिनियनला (कमी दातांचं छोटं चाक) मात्र नको, एकच दात सगळा मार खातो, तिथे जास्त दातांचा कटरच पाहिजे. आणि दुकानात बिल घेताना ग्रेड लिहून घ्या, माइल्ड स्टीलचा चकाचक रॉड दिसायला सेम असतो.