१७ फुटी बंद कंटेनर : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलं आणि बेळगावातल्या शहापूरच्या साड्यांचा गठ्ठा भिजला, म्हणून लिहायला बसलोय. गाडी चांगली चाललीय म्हणून कोण लिहितो! इंजिन, ॲव्हरेज सगळ्यांना ठाऊक आहे. मी फक्त बॉडीबद्दल बोलणार.

आधी आमची फाळक्याची, म्हणजे बाजूला नुसत्या फळ्या आणि वर ताडपत्री अशी उघडी गाडी होती. लाईन बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर, अधूनमधून चंदगड. पार्सलच्या कामात ती गाडी आता कुणी दारात उभी करून घेत नाही. पहिला प्रश्न, "बॉडी बंद आहे ना?" दाराला नंबरी सील पाहिजे, ताडपत्रीला सील कुठे मारणार? २०१७ ला जीएसटी आला, छोटी गोडाऊनं मिटून मोठी झाली, तिथला माल बंद गाडीतनंच हलतो. जुनी गाडी शेवटी एका वीटभट्टीवाल्यानं घेतली, तीही पडेल भावात.

आता मुद्द्याचं. या बॉडीला बाजूचं दार नाही. एवढ्या एका गोष्टीनं जीव खाल्लाय. संकेश्वरचा माल आधी उतरायचा म्हणजे तो सगळ्यात शेवटी भरायचा, दाराशी. पण संकेश्वरची पार्टी माल सकाळीच आणून टाकते आणि निपाणीवाला निघायच्या वेळी धावत येतो. मग संकेश्वरात हायवेच्या कडेला निपाणीचे डाग (म्हणजे नग) खाली, आतला डाग बाहेर, परत सगळं वर. हमाली दुप्पट. उघड्या गाडीत हमाल फाळक्यावर पाय देऊन चढायचा, ताडपत्रीचा कोपरा उचलायचा आणि पाहिजे तो डाग ओढून काढायचा. संपलं.

रबराचंही कारण तेच. सगळा माल एकाच दारातनं ओढला जातो, खालच्या चौकटीवर घासतो, आणि कोपऱ्यात जिथं रबराला सांधा दिलाय तिथंच ते चिरतं. बॉडी बांधणाऱ्याचं म्हणणं, रबर वॉरंटीत येत नाही. मग वॉरंटीत येतं काय, रंग? तीन वेळा फोन केल्यावर उचलायचाच बंद केला. शेवटी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, जाड रबर घेतलं, चौकटीवर पत्र्याची पट्टी मारून घेतली. खर्च माझा.

एवढं लिहून झालं आणि मुलानं हिशेबाची वही पुढ्यात टाकली. भिजलेल्या मालापायी भाड्यातनं झालेली कपात बघा म्हणाला. उघड्या गाडीत दर पावसाळ्यात पान भरायचं. यंदा ही साड्यांची एकच नोंद. खानापूरकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. ताडपत्रीच्या खोलगटात पाणी साचायचं, ब्रेक मारला की भस्सकन केबिनच्या काचेवर, आणि उरलेलं शिवणीतनं मालावर. शिवाय नवी ताडपत्री, दोर, रात्री दोर आवळणारा क्लीनर, हा खर्च गेला. तेव्हा वरचा राग थोडा कमी धरा. बाजूच्या दाराचा सोडून.

फौंड्रीच्या कास्टिंगचं काम मात्र हातचं गेलं. उद्यमबागेत कास्टिंग चेनपुलीनं वरून सोडतात, इथं वर छत. त्यांना अजून उघडीच गाडी लागते. पार्सलचं उलट आहे, वजन व्हायच्या आत जागा भरते, म्हणून बंद बॉडीचं जादा वजन आम्हाला तेवढं जाणवत नाही. चंदगडला जाताना मात्र दार उघडायचा आळस येतो. गाव शेजारचं, पण राज्य दुसरं. ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद लागतो आणि कुणी अडवून मोजायला लावलं तर आतला डाग दाखवायला परत तेच, सगळा माल रस्त्यावर.

नवी बॉडी बांधून घेणार असाल तर सांगाडा उभा असतानाच डाव्या बाजूला दार सोडायला सांगा, पत्रा चढल्यावर बॉडी बांधणारा ऐकत नाही. मला आता म्हणतो खांब कापावा लागेल, आणि असा भाव सांगतो की जणू दुसरी गाडीच देतोय. दिवाळीनंतर त्याच्याकडं काम कमी असतं, तेव्हा परत जाऊन घासाघीस करणार आहे.